डिजिटल सही: डोंगल, ई-साइन आणि तो कोणी न घेणारा एक्सएमएल

आधीच सांगते, हा कुठल्या एका कंपनीचा रिव्ह्यू नाहीये. आमचं टॅक्स-जीएसटीचं छोटं ऑफिस आहे, दिवसभर डिजिटल सह्यांच्याच मागे असतो आम्ही, आणि आपल्याकडे जे तीन प्रकार चालतात, म्हणजे यूएसबी टोकनवाली डीएससी (डिजिटल सिग्नेचर सर्टिफिकेट), आधारचं ई-साइन आणि यूआयडीएआयची (आधार देणाऱ्या सरकारी संस्थेची) सही असलेली ऑफलाइन ई-केवायसी फाइल, म्हणजे आपल्या ओळखीच्या माहितीची फाइल, या तिन्हींबद्दल लिहितेय. तिसऱ्यात सही तुमची नसते, तुमच्या ओळखीवर सरकारची असते, पण काम तेच, समोरच्याला पटवायचं की हा माणूस तोच आहे.

युट्यूबवर सगळे एकच सांगतात, सुरक्षित आहे का, हॅक होतं का. अरे, गणिताच्या बाजूने ते कधीच सुटलंय हो. मला वेगळंच विचारायचंय, सही करताना तुमची माहिती किती जाते आणि कोणाकोणाकडे जाते. हे ना विकणारा सांगत, ना घेणारा विचारत.

डोंगलपासून सुरू करू. टोकन म्हणायचं खरं पण आमच्याकडे सगळे डोंगलच म्हणतात. क्लास 2 (ओळख पडताळणीची खालची पायरी) सर्टिफिकेट 1 जानेवारी 2021 पासून बंद झालं, आता क्लास 3 च मिळतं, एक ते तीन वर्षांच्या मुदतीचं, दोन वर्षांचं टोकनसकट साधारण दीड-दोन हजारात पडतं, एजंटवर आहे थोडं. घेताना व्हिडिओ व्हेरिफिकेशन असतं, पॅन कार्ड कॅमेऱ्यासमोर धरायचं, नाव सांगायचं, आणि बहुतेक जण ते गाडीत बसून किंवा गोडाऊनमध्ये उभं राहून करतात, मागून हमालांचा आवाज, आणि मग रिजेक्ट होतं की मला फोन, मॅडम परत का मागताय.

वस्तू म्हणून टोकन उत्तम. सहीची खासगी की, म्हणजे जिने सही होते ती गुप्त किल्ली, त्या चिपच्या आतच तयार होते आणि बाहेर येत नाही, फाइलसारखी कॉपी करून पेनड्राइव्हवर नेता येत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 चा, त्याखाली कंट्रोलर ऑफ सर्टिफाइंग अथॉरिटीज, त्यांच्याकडून लायसन्स घेतलेल्या कंपन्या, आणि टोकनला एफआयपीएस 140-2 लेव्हल 2 सारखं सुरक्षेचं सर्टिफिकेशन लागतं, म्हणजे रचना पक्की आहे. कंपनी आणि एलएलपीला जीएसटी रिटर्नला हेच लागतं, एमसीएला (कंपन्यांच्या मंत्रालयाला) लागतं, टेंडर भरणाऱ्यांना तर याशिवाय पानही हलत नाही.

त्रास सगळा ड्रायव्हरचा, म्हणजे टोकन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा. जीएसटीला एमसाइनर, इन्कम टॅक्सला एमब्रिज, टोकनचा स्वतःचा ड्रायव्हर वेगळा, विंडोजने रात्री अपडेट मारला की सकाळी टोकन सापडत नाही, आणि हे नेमकं 20 तारखेला, जीएसटी रिटर्नच्या शेवटच्या दिवशी. मॅकवाल्यांबद्दल मी बोलतच नाही.

पण खरी गंमत कुठल्याही कन्सल्टंटच्या ड्रॉवरमध्ये बघायला मिळते. उघडा एकदा. निळी, काळी, चंदेरी टोकनं रबरबँड लावून ठेवलेली, प्रत्येकावर पांढरी चिकटपट्टी, चिकटपट्टीवर पार्टीचं नाव आणि नावाखाली बॉलपेनने पिन. बऱ्याचदा तोही फॅक्टरीतून आलेला 12345678 च, कोणी बदललेलाच नाही. कुलूप लावून किल्ली कडीलाच टांगून ठेवल्यासारखं आहे हे. शेठना म्हटलं टोकन घेऊन जा, तर उत्तर ठरलेलं, "राहू दे हो मॅडम तुमच्याकडेच, मी कुठे शोधत बसू." आयटी कायद्याचं कलम 42 म्हणतं की ही खासगी की स्वतःच्या ताब्यात ठेवायची जबाबदारी ज्याच्या नावाने सर्टिफिकेट आहे त्याचीच. उद्या आर्टिकलशिपच्या पोराने कुठे भलतीकडे सही मारली तर ती शेठचीच सही, गणिताप्रमाणे शंभर टक्के अस्सल. आम्ही आता सरळ नियम केलाय, टोकन ठेवून घेत नाही, पिन स्वतः टाका किंवा एनीडेस्कवरून (दुरून कॉम्प्युटर चालवायचं ॲप) आमच्यासमोर टाका. दोन-तीन पार्ट्या रुसल्या, चालायचंच.

आता प्रायव्हसी. टोकनने सही केलेलं कुठलंही पीडीएफ ॲक्रोबॅटमध्ये उघडा, सहीवर क्लिक करा, प्रॉपर्टीजमध्ये जाऊन सर्टिफिकेट बघा, डिटेल्समध्ये सब्जेक्ट नावाची ओळ आहे ती वाचा. पूर्ण नाव, राज्य, पिनकोड, मग सिरीयल नंबर म्हणून एक लांबच लांब आकडे-अक्षरांची माळ. पर्सनल सर्टिफिकेट असेल तर पिनकोड घरचा. ती माळ म्हणजे तुमच्या पॅनचा एसएचए-256 हॅश, पॅनवरून गणिताने काढलेला ठरावीक लांबीचा ठसा. पॅन उघडा छापलेला नाही म्हणून लोक निर्धास्त, आणि हॅश उलटा फिरवता येत नाही हेही खरं. पण उलटा फिरवायची गरजच नाही ना! पॅनमध्ये पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर. वैयक्तिक पॅनचं चौथं अक्षर पी ठरलेलं, पाचवं बहुतेकदा आडनावाचं पहिलं, आणि आडनाव तर वरच लिहिलंय. उरली चार अक्षरं आणि चार आकडे, म्हणजे सगळे मिळून साधारण 457 कोटी शक्यता. माणसाला हा आकडा मोठा वाटतो पण गेम खेळायच्या चांगल्या ग्राफिक्स कार्डला काहीच नाही, एकेक पॅन बनवून हॅश काढत सुटायचं, थोड्या वेळात जुळतोच. म्हणजे तुम्ही कोणाला सही केलेलं इन्व्हॉइस पाठवलंत तर त्याच्यासोबत पॅनही पाठवल्यातच जमा आहे.

हे असं का ठेवलं त्यालाही कारण आहे बरं का, इन्कम टॅक्स पोर्टलला ताडून बघायचं असतं की ही डीएससी याच पॅनवाल्याची आहे, आणि हॅशमध्ये काही गुप्त मिसळलं असतं तर पोर्टलला ते जुळवता आलं नसतं. सरकारी पोर्टलसाठी ठीक. पण तेच सर्टिफिकेट तुम्ही हाउसिंग सोसायटीच्या पत्रावर वापरता, भाडेकरूच्या ईमेलवर वापरता, तिथे पॅन आणि घरचा पिनकोड कशाला हवाय कोणाला? ओळख पटवायला एकच पत्ता सगळीकडे वाटत फिरायचा हा प्रकार आहे. सुरक्षेला पाचपैकी चार देते, प्रायव्हसीला दीड, आणि तो दीडही जीवावर येतो.

दुसरं, आधार ई-साइन. हे 2015 मध्ये आलं, आयटी कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात टाकलं गेलं, आणि मला हे मनापासून आवडतं. पुण्याच्या सी-डॅकची ई-हस्ताक्षर सेवा याच प्रकारातली, शिवाय खासगी कंपन्याही आहेत. डीमॅट उघडताना, कर्जाच्या कागदांवर तुम्ही हे केलेलं असणारच, आधार नंबर टाका, ओटीपी टाका, झाली सही. आत काय होतं ते भारी आहे. तुमचा कागद ई-साइन देणाऱ्याकडे जातच नाही, फक्त त्याचा हॅश जातो. ओटीपी जुळला की त्यांच्या सुरक्षित मशीनमध्ये त्या एका सहीपुरती कीची जोडी तयार होते, 30 मिनिटांचं सर्टिफिकेट निघतं, सही होते, की नष्ट. ना टोकन, ना ड्रॉवर, ना चिकटपट्टी. चोरायला काही शिल्लकच राहत नाही.

या 30 मिनिटांवरून मात्र भयंकर गोंधळ होतो. एका बँकेत आमच्या क्लायंटचा करार परत पाठवला, का तर "सर्टिफिकेट एक्सपायर झालंय मॅडम". अहो होणारच की, अर्ध्या तासाचंच असतं ते, सही झाली तेव्हा चालू होतं का एवढंच बघायचं असतं. त्यांना हे समजावण्यात अर्धा दिवस गेला आणि शेवटी काय केलं, प्रिंट काढून त्यावर पेनाने सही आणि शिक्का घेतला! डिजिटल सही केलेल्या कागदाची प्रिंट काढली की सही तिथेच मेली, कागदावर उरतो तो नुसता हिरव्या टिकचा फोटो, हे कोणीतरी बँकांच्या ट्रेनिंगमध्ये सांगायला हवं. त्यातल्या त्यात महाभूमीचा डिजिटल सातबारा बरा, 15 रुपयात मिळतो आणि प्रिंटवर पडताळणी क्रमांक असतो, साइटवर टाकून बघता येतो. ॲक्रोबॅटमध्ये सहीवर दिसणारं ते पिवळं प्रश्नचिन्ह पण तसंच, व्हॅलिडिटी अननोन दिसलं की लोकांना वाटतं सही खोटी, तर तसं नसतं, ॲक्रोबॅट आपल्या भारताच्या रूट सर्टिफिकेटवर (बाकी सगळ्या सर्टिफिकेटांचा भरवसा ज्यावर उभा असतो त्यावर) आपणहून विश्वास ठेवत नाही म्हणून ते येतं, एकदा ट्रस्टेडमध्ये ॲड केलं की हिरवं होतं. पण करायच्या आधी सर्टिफिकेट कोणी दिलंय ते वाचा, डोळे मिटून ॲड करत सुटू नका.

ई-साइनमध्ये माहिती कुठे कुठे जाते? ई-साइन देणाऱ्याला तुमची ई-केवायसी मिळते, नाव-पत्ता वगैरे, त्यावरूनच सर्टिफिकेट बनतं. यूआयडीएआयला कळतं की अमुक संस्थेने अमुक वेळी तुमची पडताळणी मागितली, कशासाठी ते कळत नाही. हे तुम्ही स्वतः बघू शकता, मायआधारवर (यूआयडीएआयच्या वेबसाइटवर) ऑथेंटिकेशन हिस्टरी म्हणून आहे, तारीख, वेळ, संस्थेचं नाव. दर महिन्याला बघायची सवय लावून घ्या, मी आईच्या खात्यावर पण बघते. पूर्वी हे लॉग पाच वर्षं ठेवायची तरतूद होती, 26 सप्टेंबर 2018 च्या आधार निकालात सुप्रीम कोर्टाने सहा महिन्यांच्या वर ठेवू नका म्हणून सांगितलं. मोठी गोष्ट होती ती, पेपरात फारशी आली नाही.

पण एक भोक आहे. हॅशच जातो हे संरक्षण ई-साइन देणाऱ्यापुरतं. ज्या वेबसाइटवर तुम्ही पीडीएफ चढवता तिच्याकडे अख्खा कागद असतोच. फुकटात सही करून देणाऱ्या साइटवर लोक भाडेकरार, पगाराच्या स्लिपा काय काय चढवतात, आणि वर म्हणतात सरकारी ई-साइन आहे, सेफ आहे. ई-साइन सेफ आहे हो, ती साइट कोणाची आहे?

आणि ओटीपी. सगळा डोलारा त्या सहा आकड्यांवर. भाडेकरार करायला एजंट येतो, काकांसमोर लॅपटॉप ठेवतो, "काका, मोबाइलवर आलेला नंबर सांगा", काका चष्मा शोधतात, नंबर वाचून दाखवतात, एजंट टाइप करतो आणि संमतीच्या चौकटीवर टिकही तोच करतो. स्क्रीनवर काय लिहिलंय ते काकांनी वाचलेलंच नसतं. महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्सची नोंदणी सक्तीची आहे, 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 55, आणि घरबसल्या ऑनलाइन होते ही सोय खरंच मोठी आहे, पण तिथे अंगठाही लागतो. दुसऱ्या राज्यांत नोंदणीच्या दस्तांवरचे ठसे उचलून, रबराचे अंगठे बनवून लोकांचे पैसे काढल्याच्या केसेस झाल्यात. म्हणून आधारचं बायोमेट्रिक, म्हणजे अंगठा-डोळ्याची पडताळणी, लॉक करून ठेवा, करार असेल त्या दिवशी दहा मिनिटं उघडा, परत लॉक. ओटीपी निदान नवा येतो, अंगठा बदलून मिळत नाही.

बाहेर राहणाऱ्यांची अडचण वेगळीच. आधार असलं तरी ओटीपी भारतातल्याच नंबरवर येतो, त्यामुळे दुबई-न्यू जर्सीवाले दरमहा रिचार्ज मारून इथलं सिम जिवंत ठेवतात, नाहीतर भावाकडे ठेवून देतात, आणि मग सही भाऊ करतो. मृत्युपत्राला यातलं काहीच चालत नाही हेही लक्षात असू द्या, ते कायद्याने वगळलेलंय, पेन आणि दोन साक्षीदारच लागतात. ई-साइनला सुरक्षेला चार, प्रायव्हसीला तीन.

आता तिसरा, माझा लाडका आणि कोणीच न घेणारा. मायआधारवरून ऑफलाइन ई-केवायसी डाउनलोड करा, 4 अंकी शेअर कोड ठरवा, झिप फाइल येते, आत एक एक्सएमएल, म्हणजे मशीनला वाचता येणारी मजकुराची फाइल. त्यात नाव, पत्ता, जन्मतारीख, लिंग, फोटो, आणि खाली यूआयडीएआयची डिजिटल सही. आधार नंबर नाही! शेवटचे चार आकडे आणि वेळ मिळून बनलेला एक रेफरन्स नंबर, बस. मोबाइल नंबरसुद्धा हॅश करून, त्यात शेअर कोड मिसळून. घेणारा ती सही स्वतःच्या कॉम्प्युटरवर तपासतो, यूआयडीएआयला विचारायला जात नाही, म्हणजे तुम्ही ती फाइल पतपेढीत दिली की जिममध्ये दिली हे वरती कोणालाच कळत नाही. झेरॉक्सपेक्षा लाख पटीने बरं, कारण झेरॉक्सला कोण तपासणार, फोटोशॉप केलेली असली तरी चालून जाते.

झेरॉक्सवरून आठवलं, मे 2022 मध्ये यूआयडीएआयच्या बेंगळुरू ऑफिसने पत्रक काढलं होतं की आधारची झेरॉक्स सरसकट कोणाला देऊ नका, मास्क्ड आधार (नंबरचे शेवटचे चारच आकडे दिसणारं) वापरा, आणि 29 मेला ते मागे घेतलं, गैरसमज होऊ शकतो म्हणून. जे दोन दिवस शहाणपणाचं होतं ते तिसऱ्या दिवशी गैरसमज झालं.

मी मुद्दाम एक करून पाहिलं, माझी एक्सएमएल नोटपॅडमध्ये उघडली, पत्त्यातला एक स्वल्पविराम काढला, सेव्ह केली आणि सही तपासली. फेल. एका स्वल्पविरामावर! पोटभर समाधान झालं. मग जन्मतारीख काढून पाहिली, कारण जिमवाल्याला माझी जन्मतारीख कशाला हवीय. अर्थात फेल. आणि इथेच या तिन्हींचं दुखणं एका जागी येतं. सही अख्ख्या पाकिटावर आहे. दाखवायचं तर सगळं दाखवा, नाहीतर काहीच नाही. वय अठराच्या वर आहे एवढं सिद्ध करायला आईवडिलांनी ठेवलेलं नाव, बिल्डिंगचं नाव, फोटो, सगळं सोबत. जितकी सही मजबूत तितकं तुम्हाला त्यातलं काही झाकता येत नाही.

यावर उपाय नाही असं नाही. डेव्हिड चॉम या अमेरिकन क्रिप्टोग्राफरने ब्लाइंड सिग्नेचरची कल्पना 1982 मध्येच मांडली होती, सही करणाऱ्याला आतलं दिसत नाही तरी सही खरी. आता युरोपात 2024/1183 नंबरचा नियम झालाय, सदस्य देशांनी 2026 संपेपर्यंत नागरिकांना डिजिटल ओळखीचं वॉलेट द्यायचंय, त्यात काय दाखवायचं ते निवडता येतं. करतात कसं, तर प्रत्येक माहितीचा वेगळा हॅश, प्रत्येकात वेगळा यादृच्छिक आकडा मिसळलेला, आणि सही त्या हॅशच्या यादीवर. जन्मतारीख द्यायची नाही तर तिचा हॅश राहू दे, मूळ माहिती आणि तो आकडा देऊ नका. आणि तो आकडा असल्यामुळे आमच्या पॅनसारखं 457 कोटी करून शोधताही येत नाही. बघा, उपाय किती साधा होता!

तरी त्यातही एक राहतंच. जिममध्ये दाखवलेली सही आणि दवाखान्यात दाखवलेली सही, अक्षर न् अक्षर तीच. दोघांनी डेटा जुळवला की नाव न सांगताही कळलं की बाई तीच. त्यावर बीबीएस नावाची सही आहे, बोने, बॉयेन आणि शाचम यांच्या 2004 च्या पेपरवर उभी, तिच्यात मूळ सही दाखवायचीच नाही, सही आपल्याकडे आहे याचा दर वेळी नवा पुरावा दाखवायचा. पण फोनमधल्या सुरक्षित चिपला ते गणित येत नाही, म्हणून युरोपवाले सध्या नेहमीच्या सहीच्याच एकदा वापरून टाकायच्या प्रतींचा गठ्ठा देऊन भागवतायत. जुगाड आपलीच मक्तेदारी नाही म्हणायची.

आपल्याकडे 2025 मध्ये नवं आधार ॲप आलं, सुरू करताना चेहरा दाखवायचा असतो, आणि त्यात काय शेअर करायचं ते निवडता येतं. ऑफिसमध्ये सगळ्यांच्या फोनवर टाकून घेतलंय मी. वापरायला सोपं आहे, जुन्या एमआधारपेक्षा तर फारच, क्यूआर पटकन येतो. यूआयडीएआयने हे नीट ढकललं तर झिप-एक्सएमएलची भानगडच संपेल, शेअर कोड काय, अनझिप काय, काकांना ते जमणारच नव्हतं. समोरच्याकडे स्कॅन करायची सोय आणि इच्छा पाहिजे एवढंच. मध्ये कोकणात एका हॉटेलच्या काउंटरवर मी ऐटीत ॲप काढून फक्त नाव आणि फोटो एवढंच दिसणारा क्यूआर पुढे केला, तर पोराने तो स्कॅन न करता फोनच्या स्क्रीनचा फोटो काढला, मालकाच्या व्हॉट्सॲपवर टाकला, आणि म्हणाला, "मॅडम, ओरिजिनलची झेरॉक्स असेल तर द्या ना, रजिस्टरला लावायला लागते."